कुंपणावरचा रानमेवा

इंग्रजी धड्यांत 'ब्लॅकबेरी' आली म्हणजे "आपलें करवंदच तें" असें सांगून मी मोकळा होत असें. तें चुकीचें होतें. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळांतली, करवंद कण्हेरीच्या. म्हणूनच त्याचें पान तोडतांच पांढरा चीक येतो. साम्य एवढेंच कीं दोहोंना कांटे आणि दोहोंचीं फळें काळीं.

आमच्या रत्नागिरीच्या कातळावर करवंद आपोआप वाढतें, त्यामुळें तें मुद्दाम लावावें हें कोणास सुचत नाहीं. कलमांसाठीं जाळ्या तुटतात, आणि मग बागेभोंवतीं विकतची तार येते! त्यापेक्षां परसाच्या गडग्यालगत करवंदीची रांग लावावी. वैशाखांत पूर्ण पिकलेल्या फळांचें बीं धुऊन, सावलींत सुकवून लगेच पेरावें. मीं एकदां तें डब्यांत जपून ठेविलें. पुढें पेरलें तेव्हां एकही उगवलें नाहीं. तयार रोपें पुढल्या पावसाच्या आरंभीं तीन-तीन फुटांवर लावावीं. मुळाशीं पाणी मात्र साचूं देऊं नये. फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षीं धरतें. मोठें फळ हवें असल्यास दापोलीच्या कृषि विद्यापीठाची 'कोंकण बोल्ड' ही जात आहे.

हिरवीं करवंदें लोणच्याला घ्यावीं. पिकलेलीं थोडा वेळ पाण्यांत ठेवावीं, म्हणजे चीक ओठांना चिकटत नाहीं. मग मुलांना जवळ बोलवावें. चावलेलें करवंद आंतून लाल निघालें तर कोंबडा, पांढरें निघालें तर कोंबडी. पैज अर्थात् चावण्यापूर्वीं लावावयाची!