दाढेचे दुखणे आणि मनाचे भय

रात्रभर दाढदुखीने कण्हत बसलेला माणूस सकाळी दंतवैद्याच्या दवाखान्यापर्यंत जातो आणि पायरीवरूनच परत फिरतो, हे दृश्य आपल्याला नवीन नाही. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरून तो आणखी काही दिवस काढतो आणि जी दाढ नुसती भरून भागले असते, ती अखेर उपटावी लागते. अशा माणसाला भित्रा म्हणून हसण्याची आपली रीत आहे. परंतु भय हीदेखील उपचार करण्याजोगी गोष्ट आहे, हेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. वेदना निराळी आणि भय निराळे. हिरडीत लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले की तेवढा भाग बधिर होऊन वेदना थांबते. पण माणूस जागा असतो, यंत्राचा आवाज ऐकत असतो आणि त्याची छाती धडधडतच असते. उलट शामक औषधाने मन निवते, परंतु दाढेची वेदना पुरती जात नाही. म्हणून शामक औषध दिले तरी बधिरतेचे इंजेक्शन बहुधा द्यावेच लागते.

या विद्येचा आरंभ दंतवैद्यकातच झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. 1844 च्या डिसेंबरात त्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, याचा एक जाहीर खेळ पाहिला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला तिची दाद नव्हती! दुसऱ्याच दिवशी वेल्सने तो वायू हुंगून स्वतःची दाढ उपटवून घेतली. पुढे 1845 मध्ये बोस्टन येथील प्रयोगात रोगी ओरडला आणि वेल्सची हेटाळणी झाली. पण तो वायू मात्र टिकून राहिला.

आज तो प्राणवायूत मिसळून, नाकावरील मुखवट्यातून, बेताने देतात. काही मिनिटांत अंग सैल पडते. माणूस बोललेले ऐकतो, उत्तर देतो. काम संपल्यावर काही मिनिटे नुसता प्राणवायू दिला की गुंगी लवकर उतरते. नाक चोंदलेले असेल तर मात्र हा उपाय नीट साधत नाही.

दुसरा उपाय गोळीचा. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरल्या वेळी आधी घ्यावयाची असते. ती सोपी खरी. परंतु एकदा गिळल्यावर तिचे प्रमाण कमीजास्त करता येत नाही. तिसरा उपाय शिरेतून मिडाझोलामसारखे औषध देण्याचा. ते थोडे थोडे देऊन परिणाम पाहता येतो, आणि पुष्कळांना नंतर त्या वेळचे फारसे आठवतही नाही. मात्र यात श्वास मंदावण्याचा धोका असतो. म्हणून तालीम घेतलेला माणूस, नाडी व प्राणवायू मोजण्याचे साधन आणि संकटकाळची सामग्री जवळ असलीच पाहिजे. पूर्ण भूल ही याहून निराळी. ती भूलतज्ज्ञाने, सर्व सोयी असलेल्या ठिकाणीच द्यावयाची.

म्हणून घरातील कोणाची तरी झोपेची गोळी उसनी घेऊन दवाखान्यात जाणे, किंवा धीर यावा म्हणून मद्य घेणे, हा धोक्याचा खेळ आहे. आपले आजार, चालू औषधे, गर्भारपण, झोपेत श्वास अडकण्याची खोड, हे सारे आधी सांगावे. उपाशी राहावे की नाही, हे विचारून घ्यावे. गोळी किंवा शिरेतील औषध घेतले असेल तर घरी नेण्यास सोबत असावी, आणि त्या दिवशी वाहन चालवू नये.

पुष्कळांना तर औषधाची गरजही पडत नाही. काय करणार ते दंतवैद्याने आधी सांगावे, हत्यार दाखवावे, आणि रोग्याने हात वर करताच थांबावे, एवढ्या करारानेही बरेच भय ओसरते. पण हा करार होण्यास आधी तोंड उघडावे लागते, आणि तेही दात दाखविण्यासाठी नव्हे. “मला भीती वाटते,” हे पहिल्याच भेटीत सांगावे. त्यात लाज कसली? ताप लपवून औषध मिळत नाही. भयाचेही तसेच आहे.