तबकडीवरील प्रशस्ती

केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पांढरकवड्याच्या बाजारपेठेतील अनेक व्यापारी घरांत अजूनही जुन्या सीडी-डीव्हीडी जपून ठेवलेल्या आढळतात. चातुर्मासातील प्रवचने, घरातील कन्येचा दीक्षासमारंभ, वर्षीतपाचे पारणे, दिवंगत आजोबांचा आवाज. यांपैकी पुष्कळशा मुद्रणांची दुसरी प्रत कोठेही नसते.

जतनाचा वारसा विदर्भास नवा नाही. कारंजा येथील शास्त्रभांडारांतील अपभ्रंश पोथ्या शतकानुशतके टिकल्या, म्हणूनच डॉ. हीरालाल जैन यांना १९३३ साली पुष्पदंतांचे ‘णायकुमारचरिउ’ संपादित करून कारंजाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध करता आले. पोथीच्या अखेरीस लेखनकार प्रशस्ती लिहीत असे: संवत, ग्राम, कोणासाठी लिहिली. आपल्या तबकड्यांवर मात्र बहुधा ‘पप्पा २’ एवढेच असते.

आणि तेही चुकीच्या लेखणीने! चकाकणारी बाजू नाजूक, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः सीडीची मुद्रित माहिती नाव लिहिण्याच्या बाजूलाच, लाखेच्या अतिशय पातळ लेपाखाली असते. खालच्या बाजूचा हलका ओरखडा घासून काढता येतो; वरचा ओरखडा माहितीसकट जातो. म्हणून बॉलपेन कटाक्षाने टाळावे. उग्र वासाच्या, द्रावकयुक्त शाईचा मार्करही नको; पाण्यावर आधारित शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्यावा. त्यानेही मधल्या पारदर्शक कड्यावर केवळ क्रमांक लिहावा. संवत, स्थळ, महाराजसाहेबांचे नाव, विषय हे सारे वहीत. वही ठेवणे व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको. चिकटपट्टीचे लेबल लावूच नये. ते उचकटताना खालचा थर सोबत घेऊन येते आणि डीव्हीडीचा तोल बिघडवते.

नवी तबकडी घेताना पुन्हापुन्हा लिहिता येणारी, म्हणजे आरडब्ल्यू, घेऊ नये. एकदाच लिहिली जाणारी अधिक टिकते. सोन्याचा परावर्तक थर चांदीप्रमाणे काळवंडत नाही, पण महाग पडतो. सेंद्रिय रंगाऐवजी खनिज थर असलेली एम-डिस्क त्याहून भरवशाची. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. तेव्हा दुकानातील माल जुना नाही ना, हे पाहून घ्यावे.

आपल्याकडील वैशाखाचे ऊन तबकडीतील रंगाचे वैरी. पत्र्याच्या छताखालील माळा किंवा मोटारीचा कप्पा ही जागा नव्हे. कठीण डबीत, उभी, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवावी.

ज्ञानपंचमीस वा श्रुतपंचमीस पोथ्यांची झाडपूस करून नवी बासने बांधतात. त्याच दिवशी तबकड्याही लावून पाहाव्यात आणि अडखळणारी प्रथम हार्डडिस्कवर उतरवून घ्यावी. नव्या लॅपटॉपला बहुधा ड्राइव्ह नसतो. बाहेरून जोडावयाचा एक ड्राइव्ह चार घरांत मिळून पुरतो.