बारीक पोराच्या अंगातली चरबी

तुमसर तालुक्यातलं चिखला हे मँगनीजच्या खाणीचं गाव. भोवतालचा सगळा मुलूख धानाचा. इथेच काय, पूर्व विदर्भातल्या कुठल्याही गावात मुलाच्या तब्येतीचा निवाडा नजरेनंच होतो. बारीक पोरगा असला तर 'काटक आहे, त्याला काही होत नाही.' गुबगुबीत असला तर 'खात्यापित्या घरचा आहे, वयात आला की उतरेल.' दोन्ही वाक्यं मायेनं बोललेली असतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. त्यातलं पहिलं मला जास्त घातक वाटतं, कारण बारीक मुलाची तपासणी करावी असं कुणाच्या मनातच येत नाही.

बारीक म्हणजे बिनचरबीचा, हा समज खोडून काढणारं सगळ्यात महत्त्वाचं काम महाराष्ट्रातच झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. वजनानं हलकी, तरी चरबीचं प्रमाण जास्त. पुढे 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणं मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा 22.3 होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

देशभरात 2016 ते 2018 या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाचे आकडे याच्याशी ताडून पाहावेत. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींत जवळपास चौथा हिस्सा फार बारीक होता आणि जादा वजनाची मुलं वीसांत एक. पण रक्तातली साखर मधुमेहाच्या वाटेवर असलेली मुलं सुमारे दहांत एक निघाली. जाड मुलं वीसांत एकच असतील, तर साखर चढू लागलेली सगळी मुलं जाड असणं शक्यच नाही.

म्हणून वाढत्या मुलाबाबत प्रश्न वजनाचा कमी आणि स्नायूंचा जास्त आहे. जेवणातून आलेली साखर साठवण्याचं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते हलते राहिले की रक्तातली साखर ओढून घेतात. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेऊ शकतो. यामुळेच 'व्यायाम करूनही वजन उतरलं नाही, मग उपयोग काय?' हा प्रश्न चुकीचा ठरतो. काट्यावरचा आकडा तसाच राहून दम वाढतो, इन्सुलिन नीट काम करू लागतं, हाडं घट्ट होतात.

हाडांचा मुद्दा तर घड्याळाशी बांधलेला आहे. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी सगळ्यात झपाट्यानं उंच होतात. काहींची उंची वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरनं वाढते. प्रौढपणी हाडांत असणाऱ्या खनिजाचा सुमारे पाव हिस्सा या उसळीच्या आसपासच्या दोन वर्षांत जमा होतो. नेमकी हीच वर्षं आपण शिकवणीला देतो आणि खेळाचा तास गणिताला. याबद्दल पालकांनी शाळेत जाऊन भांडावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

'खेड्यातल्या पोराला वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न अगदीच चूक नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारी. त्यात सायकलनं शाळेत जाणं, बोडीत पोहणं, बांधीतलं काम, सगळं धरलं जातं. अडचण अशी की रोवणीचे दिवस थोडे असतात, मोहफुलं वेचायचेही थोडेच. शाळेला गाडी आली, हातात मोबाइल आला, तर उरलेलं वर्ष बसूनच जातं. कबड्डी आणि खो-खोत धावणं, वाकणं, ढकलणं, उडी मारणं हे सगळं एकत्र येतं, खर्च काही नाही. अमरावतीत 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले होते. गावातल्या मैदानाला कमी लेखायचं कारण नाही.

आता गुबगुबीत मुलाकडे. 'वयात आला की उतरेल' यात तथ्य आहे, पण मोजकंच. नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान बरीच मुलं उंचीच्या उसळीआधी थोडी भरतात, मग टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू वाढतात आणि चरबीचं प्रमाण घटतं. याच काळात पुष्कळ मुलांच्या छातीवर एक-दोन वर्षं गाठीसारखी सूज येते; बहुतेकांची ती आपोआप जाते. त्यावरून चिडवलं की ती मुलं अंगातला सदरा काढायचा म्हणून पोहायला येत नाहीत, मैदानही सोडतात. पण खरोखर लठ्ठ असलेला किशोर बहुतेक वेळा लठ्ठ प्रौढ होतो. म्हणून वाट पाहत बसू नये, आणि उपाशीही ठेवू नये. वाढत्या वयात बहुधा वजन आहे तिथे थोपवलं तरी पुरतं, उंची पुढे निघून जाते.

भाताला दोष देणाऱ्यांची संख्या भंडाऱ्यातही वाढते आहे. पोट भातानं सुटत नाही; ताटात नुसता भाताचा डोंगर आणि वरण नावापुरतं असलं, वर दुपारी कुरकुऱ्यांची पाकिटं आणि शीतपेय आलं, तर सुटतं. भात थोडा कमी, वरण घट्ट, अंडं किंवा तलावातले मासे, एवढा बदल घरातच होतो. वाढत्या मुलाला प्रथिनांच्या महाग डब्याची सहसा गरज नसते. आणि पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी जात नाही. ती कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं.

पोलीस भरतीच्या तयारीमुळे आणखी दोन समज पसरले आहेत. पुरुष शिपायाला 165 सेंटिमीटर उंची लागते, म्हणून लहान पोरंही फांदीला लटकतात. लटकून उंची वाढत नाही. ती हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्यांवर ठरते आणि त्या किशोरवयाच्या अखेरीस बुजतात. उलट, 'जोर-बैठका मारल्या, वजन उचललं की उंची खुंटते' हेही खरं नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, झेपेल एवढं वजन उचलल्यानं वाढ थांबत नाही. जोखीम असते ती मोठ्यांच्या ईर्ष्येनं न पेलणारं वजन उचलण्यात.

घरी काय पाहावं? मुलाचा बीएमआय मोठ्यांच्या आकड्यांशी ताडू नये; त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 साली काढलेले वाढीचे तक्ते आहेत. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा डॉक्टरांना ते विचारता येतं. शिंप्याच्या टेपनं कंबर मोजावी. ती उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे 150 सेंटिमीटरच्या मुलाची 75 च्या आत. मानेची मागची बाजू किंवा काख काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ समजून आया दगडानं घासत बसतात. घासून ती जात नाही. बहुतेकदा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. असं दिसलं तर मुलगा जाड असो की बारीक, तुमसरच्या सरकारी रुग्णालयात नेऊन त्याची साखर तपासून घ्यावी.