तंबोऱ्यापुढे तीन हेडफोन

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक वयस्क कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवताहेत. दोन-तीन हात मारायचे, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. भिंतीकडेला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळके भोपळे रचलेत. माझा भाचा साताऱ्याहून तीन हेडफोन घेऊन आलाय, तिन्ही मित्रांचे. एक तो विकत घेणार, दोन परत जाणार. तो गाणं शिकतोय, म्हणून मी त्याला दुकानाऐवजी इथं आणलंय. दुकानात दणदणीत ठेक्याचं गाणं लावून हेडफोन दाखवतात आणि ज्याचा ठेका छातीत बसतो तोच भारी वाटतो. मूळ वाद्य शेजारी वाजत असेल, तर कानाला फसायला जागा राहत नाही.

कारागीर चाचा तंबोरा जुळवतात: पंचम, मग जोडीच्या तारा, शेवटी खर्ज. काळी एकच्या या तंबोऱ्याचा खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास आहे आणि त्याच तारेतून काही हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर झिरपत वर येतात. ही सगळी घोडीच्या किंचित गोलाईची करणी. तार सपाट टेकत नाही, त्या उतारावर घासत थरथरते. तार जिथं छेडावी तिथं ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते एरवी उमटूच नयेत, पण तंबोऱ्यात तेही ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं होतं. चाचा याला एका शब्दात जवारी म्हणतात.

भाचा छोट्या रेकॉर्डरवर तंबोरा टिपतो. मग चाचा तार आणि घोडी यांच्यामधलं सूत केसभर मागे सरकवतात आणि त्याच तारा पुन्हा छेडतात. दुसरं रेकॉर्डिंग. समोर बसून मला फरक सरळ ऐकू येतोय: आधीचा नाद खुला, आताचा दबलेला. हाच फरक कोणता हेडफोन सांगतो, एवढंच पाहायचं.

तिन्हींचा आवाज आम्ही आधी कानानं सारखा करून घेतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जो थोडा मोठा वाजतो तो नेहमीच सरस भासतो.

पहिला जाडजूड, बंद कपांचा, खर्ज फुगवणारा. चाचा तो कानावर चढवतात, दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकतात आणि मान हलवतात. "यात भोपळा ऐकू येतोय. तार कुठाय, बेटा?" सूत सरकल्याचा त्यात पत्ताच नाही.

दुसरा कानात घालायचा, वायरवाला. भाच्याला त्यात खर्जच सापडत नाही. मी बघतो तर उजवं रबर सैल बसलंय. मोठं रबर लावल्याबरोबर खालचा स्वर परत येतो. कान नीट बंद झाला नाही, तर महागातल्या इअरफोनचाही खर्ज गळून जातो. माणसं अशी वस्तू वाईट म्हणून परत करतात, याचं मला वाईट वाटतं. आता सूत सरकलेलं कळतं, पण नाद डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटतो.

तिसऱ्याचे कप मागून जाळीचे, उघडे. चाचा डोळे मिटत नाहीत, उलट मांडीवरच्या तंबोऱ्याकडे बघतात. पहिलं रेकॉर्डिंग संपून दुसरं सुरू होताच त्यांचं बोट आपोआप सुताकडे जातं. "हां. आता जवारी कळते."

उघड्या कपाची किंमतही लगेच दिसते. गल्लीतल्या दुचाकीचा हॉर्न तेवढाच स्वच्छ आत येतो. एसटीत किंवा रेल्वेत हा निरुपयोगी. तिथं बाहेरचा गोंगाट दाबायला आवाज चढवला जातो आणि कान त्यातच जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल इतकीच आहे. प्रवासाला कान बंद करणाराच बरा, आणि तोही हळू आवाजात.

भाचा ब्लूटूथचं विचारतो. नुसतं ऐकायला चांगला ब्लूटूथ चालतो, माझा त्याला विरोध नाही. पण तंबोरा लावून गायचं असेल आणि स्वतःचा आवाजही त्याच हेडफोनमधून ऐकायचा असेल, तर उशीर होतो आणि आपलाच स्वर मागून येऊन आदळतो. रियाजाला वायर हवी.

मग तो अब्दुल करीम खाँसाहेबांची एक जुनी तबकडी फोनवर लावतो. 1937 मध्ये गेलेले खाँसाहेब इथल्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावलेत. तीन मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणात वरचे सूक्ष्म स्वर पोचलेलेच नाहीत, खरखर मात्र भरपूर. खर्ज फुगवणाऱ्या हेडफोनात गळा झाकोळतो. उघड्या कपात खरखर कायम आहे, पण ती बाजूला राहते आणि षड्जावर टेकलेला आवाज मधोमध उभा राहतो.

"हाच," भाचा म्हणतो.

फक्त त्याचा अवरोध 250 ओहम, साध्या फोनला जड. आवाज पुरेसा चढत नाही. मी सांगतो, हेडफोन आत्ता घे, छोटा अँप पुढच्या महिन्यात. तोवर हळूच ऐक. चाचांनी सूत पुन्हा जागेवर आणलंय. भाचा दोन्ही रेकॉर्डिंगं फोनवर घेतो, मित्राला फोन लावतो आणि तिथंच उभ्या उभ्या किमतीची बोलणी सुरू करतो.