नेमक्या जनुकाचा वेध

सस्तन प्राण्याच्या पेशीत बाहेरून डीएनए सोडला, तर तो बहुतेक वेळा गुणसूत्रांवर कुठेतरी जाऊन चिकटतो. जागा ठरलेली नसते. एखादे चांगले जनुक त्यामुळे मधेच तुटू शकते. मात्र क्वचित, साधारण हजारात एकदा, आलेला तुकडा स्वतःसारखाच अक्षरक्रम असलेली जागा गाठतो आणि तिथल्या मूळ क्रमाशी अदलाबदल करतो. याला समजात पुनःसंयोजन म्हणतात. त्याचा आधार घेऊन हव्या त्या जनुकात हवा तो बदल घडवण्याचे तंत्र म्हणजे जीन टार्गेटिंग.

ही यंत्रणा मुळात पेशीच्या दुरुस्तीसाठी असते. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशीपुढे दोन वाटा असतात. तुटकी टोके आहेत तशी जोडून टाकणे ही झटपट वाट. तिच्यात काही अक्षरे गळतात किंवा वाढतात. दुसरी वाट सावकाश आणि अचूक. तिच्यात टोकाजवळचा एक धागा कुरतडला जातो, उघड्या पडलेल्या दुसऱ्या धाग्यावर रॅड५१ हे प्रथिन ओळीने बसते आणि तो धागा समान क्रमाच्या शाबूत डीएनएत शिरून त्याबरहुकूम स्वतःची दुरुस्ती करून घेतो. ही वाट मुख्यतः विभाजनाच्या तयारीत डीएनएची दुसरी प्रत बनू लागल्यावरच खुली होते. यीस्ट ती सहज धरते. सस्तन पेशींचा कल मात्र झटपट वाटेकडे असतो आणि सगळी अडचण तिथेच आहे.

यूटा विद्यापीठातील मारिओ कपेकी अतिसूक्ष्म काचेच्या सुईने थेट केंद्रकात डीएनए टोचत असत. एका जनुकाच्या अनेक प्रती टोचल्या, तर त्या एकामागे एक, एकाच दिशेने जुळलेल्या आढळत. योगायोगाने जुळल्या असत्या तर काही उलट्याही बसल्या असत्या. म्हणजे समजात पुनःसंयोजनाची यंत्रणा या पेशींत कामावर होती. हा धागा पकडून कपेकींनी १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे अनुदान मागितले. परीक्षकांना प्रस्तावाचे इतर भाग पटले. पेशीतील जनुकाला नेमके गाठण्याचा भाग मात्र सोडून द्यावा, असे त्यांचे मत पडले. कपेकींनी मिळालेला पैसा त्याच कामाकडे वळवला. पुरावा हातात असताना तज्ज्ञांचा नकार न मानण्याचे हे धाडस फार मोलाचे होते. १९८४ मध्ये, आपला सल्ला ऐकला नाही हे बरेच झाले, असे परीक्षकांनीच कळवले.

विस्कॉन्सिनमध्ये ऑलिव्हर स्मिथीज याच प्रश्नाकडे रुग्णाच्या बाजूने पाहत होते. सिकलसेल आजारात बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. आपल्याकडे विदर्भातील आणि सातपुड्यातील अनेक कुटुंबे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या सोसत आहेत. ते एक अक्षर जागच्या जागी सुधारता येईल का, हा स्मिथीज यांचा ध्यास होता. १९८५ मध्ये त्यांच्या गटाने मानवी पेशींतील बीटा-ग्लोबिनच्या जागी बाहेरचा डीएनए नेमका बसवून दाखवला.

आता प्रश्न उरला तो हजारातली ती एक पेशी हुडकण्याचा. सुरुवातीला एचपीआरटी हे जनुक निवडले गेले, कारण ते एक्स गुणसूत्रावर असते आणि नराच्या पेशीत त्याची एकच प्रत असते. ती निकामी झाली की ६-थायोग्वानिन हे विष पेशीला मारू शकत नाही. जगली ती हवी असलेली पेशी. पण बहुतेक जनुकांच्या बाबतीत अशी सोय नसते. त्यावर कपेकींच्या गटाने १९८८ मध्ये दुहेरी चाळणी काढली. घालायच्या तुकड्याच्या मध्यभागी निओ हे जनुक ठेवायचे. ते असलेली पेशी जी४१८ या औषधाला पुरून उरते. समान क्रमाच्या बाहेर, टोकाला, नागिणीच्या विषाणूकुळातील हर्पिस विषाणूचे टीके जनुक लावायचे. ते असलेल्या पेशीला गॅन्सिक्लोव्हिर मारते. तुकडा भलतीकडे चिकटला तर टीके बहुधा सोबत जाते. नेमक्या जागी बसला तर टोक गळून पडते. दोन्ही औषधांतून वाचलेल्या पेशींत हव्या त्या पेशींचे प्रमाण कितीतरी वाढते. या विद्येतील सर्वांत सुंदर युक्ती हीच म्हणावी लागेल.

बदललेल्या पेशीपासून अख्खा प्राणी घडवण्याची सोय मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी केंब्रिजमध्ये करून ठेवली होती. १९८१ मध्ये त्यांनी उंदराच्या कोवळ्या भ्रूणातून मूलपेशी काढून त्या काचपात्रात वाढवल्या. त्याच वर्षी गेल मार्टिन यांनीही त्या स्वतंत्रपणे मिळवल्या. तपकिरी उंदराच्या अशा पेशीत बदल करून ती काळ्या उंदराच्या भ्रूणात सोडली की पिलू दोन रंगांचे होते. त्याची काळ्या उंदराशी जोडी लावल्यावर तपकिरी पिले झाली, तर मूलपेशींपासून बीजपेशीही बनल्या हे समजते. त्यांतल्या सुमारे निम्म्यांत बदललेले जनुक असते. अशा नर-मादीच्या पिलांपैकी चौथ्या हिश्शाच्या दोन्ही प्रती बदललेल्या निघतात. असे ‘नॉकआउट’ उंदीर १९८९ पासून मिळू लागले. कपेकी, स्मिथीज आणि इव्हान्स यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

काही जनुके निकामी होताच पिलू गर्भातच दगावते. अशा वेळी जनुकाच्या दोन्ही बाजूंना लॉक्सपी हे ३४ अक्षरी क्रम बसवतात. क्री हे एन्झाइम ज्या अवयवात तयार होते, तिथेच मधला भाग कापला जातो. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे: एचपीआरटीच्या अभावी मुलांना लेश-नायहन हा गंभीर आजार होतो, उंदरांत मात्र त्याची लक्षणे दिसली नाहीत.

हजारात एक हे प्रमाण वाढवता येते, हे १९९४ मध्ये मारिया जेसिन यांच्या गटाने दाखवले. ठरलेल्या जागी डीएनए मुद्दाम तोडला तर तिथले समजात पुनःसंयोजन शंभर पटींहून अधिक वाढते. हव्या त्या जागी असा छेद घेण्याचे सोपे साधन २०१२ नंतर क्रिस्परच्या रूपाने आले. मात्र सिकलसेलवरील क्रिस्परच्या ज्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली, तो झटपट जोडणीवर चालतो. त्यात बीसीएल११ए या जनुकाचा नियंत्रक तुकडा मोडून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू केले जाते. बिघडलेले अक्षर तसेच राहते. ते अक्षरच समजात पुनःसंयोजनाने सुधारायचे म्हटले, तर रक्ताच्या मूलपेशी बहुतांश काळ विभाजनाविना निवांत असल्याने त्यांच्यात ही वाट क्वचितच उघडी सापडते.