ब्राँझ कोणाच्या वाट्याला?

दलित साहित्याच्या चर्चेत अमेरिकेतील काळ्या लेखकांची नावे आपण नेहमी घेतो. काळ्या शिल्पकारांची सहसा घेत नाही. कविता वहीत उतरते, हातोहात जाते. शिल्पाला मात्र जागा लागते, धातू लागतो. म्हणजेच पैसा लागतो. हा फरक किती निर्णायक असतो, हे मला ऑगस्टा सॅव्हेज यांच्या चरित्राने दाखवले.

त्यांचा जन्म १८९२ साली फ्लोरिडात झाला. लहानपणी गावच्या मातीची बदके घडवणाऱ्या या मुलीला धर्मोपदेशक बापाचा मार खावा लागे, कारण मूर्ती घडवणे त्याला पाप वाटे. १९२१ साली त्या न्यूयॉर्कला आल्या आणि कूपर युनियनमधला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत संपवला. १९२३ साली फ्रान्समधील एका उन्हाळी कलावर्गासाठी त्यांनी अर्ज केला. अमेरिकन निवड समितीने तो वर्णामुळे नाकारला. त्या गप्प बसल्या नाहीत. प्रकरण त्यांनी वर्तमानपत्रांत नेले. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांचे पितळ उघडे पडले, पण निर्णय बदलला नाही.

त्याच सुमारास त्यांनी डॉ. ड्यू बॉइस यांचा अर्धपुतळा घडवला. हे तेच ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. पुढे हार्लेमच्या रस्त्यावरील टोपीवाल्या पोराचे ‘गॅमिन’ हे शिल्प गाजले आणि १९२९ साली शिष्यवृत्ती मिळून त्या पॅरिसला गेल्या. परतल्यावर स्वतःच्या नावासाठी झटण्याऐवजी त्यांनी हार्लेममध्ये वर्ग उघडला. १९३७ साली तेथील सामुदायिक कलाकेंद्राच्या त्या पहिल्या संचालिका झाल्या. जेकब लॉरेन्ससारखे चित्रकार त्यांच्याच मदतीने उभे राहिले.

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी सोळा फूट उंचीची वीणा घडवली. ओळीने उभी राहून गाणारी काळी माणसे हीच तिच्या तारा. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या गीतावरून ती सुचली होती. हजारोंनी ती पाहिली. पण ती प्लॅस्टरची होती. ब्राँझमध्ये ओतायला पैसा नव्हता, ठेवायला जागा नव्हती. प्रदर्शन संपल्यावर यंत्र लावून ती मोडून टाकली. आठवण म्हणून विकलेल्या धातूच्या चिमुकल्या प्रतिकृती आणि छायाचित्रे तेवढी उरली. या कामासाठी रजा घेतली, तेवढ्यात केंद्रातली त्यांची जागाही दुसऱ्याला दिली गेली. १९६२ साली त्या वारल्या तेव्हा त्यांचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले होते.

शिष्यांचे काम हेच आपले स्मारक, अशी त्यांची भूमिका होती. ती थोर आहे. पण तेवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही. त्याग त्यांचा होता. मोडतोड व्यवस्थेची होती. पहिल्याचे गुणगान करून दुसरी झाकता येणार नाही.

जे श्रेष्ठ ते टिकते, असे प्रस्थापित कलेतिहास सांगतो. सोळा फुटांची वीणा त्याला खोटे पाडते. ज्याला ब्राँझ मिळाले ते टिकले, आणि मग टिकले म्हणून श्रेष्ठ ठरले. आपल्या वस्त्यांतल्या जलशांच्या वह्या, हाताने रंगवलेले फलक, बायांच्या ओव्या आज कोणाकडे आहेत? त्या जपण्याचे काम आपण दुसऱ्यावर सोपवले, तर उद्या आपल्यालाच विचारले जाईल : तुमच्यात कलावंत होते कुठे?