हिमालयातील मधुपालन आणि आपले अनुपान

सितोपलादी चूर्ण मधातून घ्यावे, असे आपण रुग्णांस दिवसातून किती वेळा सांगतो याची गणती नसते. तो मध कोणत्या माशीचा, हे मात्र क्वचितच विचारले जाते. शास्त्रकारांची दृष्टी निराळी होती. चरकसंहितेत मधाचे चार प्रकार सांगितले आहेत, सुश्रुतसंहितेत आठ. आणि ही विभागणी बहुतांशी माशीवरून केलेली आहे. आठांपैकी ‘छात्र’ मधाविषयी भावप्रकाशकार सांगतात, की हिमालयाच्या वनातील कपिल-पीत वर्णाच्या माश्या छत्राकार पोळे बांधतात, त्यांचा तो मध. ही माशी म्हणजे आजच्या प्राणिशास्त्रातील अमुकच, असे ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. परंतु ग्रंथात प्रदेशाचा निर्देश इतका स्पष्ट असताना तेथे मध कसा निघतो, हे वैद्यवर्गाने जाणून घेणे अगत्याचे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या डोंगराळ भागात मधमाशी ही घरातलीच रहिवासी. घर बांधतानाच जाड भिंतीत पोकळी ठेवावयाची; बाहेरच्या अंगास माशीपुरते लहान छिद्र, आतल्या अंगास फळी अथवा मातीचे झाकण. विल्यम मूरक्रॉफ्ट हा प्रवासी १८२२-२३ च्या सुमारास काश्मिरात होता. १८४१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने भिंतीतील या नळकांड्यांचे मापही दिले आहे: सुमारे १४ इंच व्यास आणि २० इंच लांबी. आतले झाकण काढून गवताचा धूर दिला की माश्या छिद्राकडे सरकतात. मग मधाची पोळी कापून घेतली जातात आणि हिवाळ्यासाठी काही भाग माश्यांकरिता राखला जातो. भिंतीच्या उबेमुळे वसाहत थंडीत तग धरते. यातील माशी म्हणजे आपल्याकडे जिला सातेरी म्हणतात तिचीच पहाडी भावंडे. पोळे हाताने पिळल्यामुळे मधात पराग आणि मेणाचे कण उतरतात, क्वचित अंडी-अळ्यांचा अंशही येतो. हा मध गाळून, निवळूनच वापरला पाहिजे. ‘पारंपरिक’ म्हणून तो आपोआप शुद्ध ठरत नाही.

लाकडी चौकटींची पेटी आणि मध काढण्याचे यंत्र आल्यावर पोळे न मोडता मध मिळू लागला. नैनितालजवळील ज्योलीकोट हे या नव्या मधुपालनाचे उत्तरेतील एक आद्य केंद्र. खरा पालट मात्र १९६२ मध्ये हिमाचलातील नगरोटा बगवाँ येथे झाला. डॉ. अ. सिं. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी मेलीफेरा जातीच्या राण्या सातेरीच्या वसाहतीत रुजवून ही माशी तेथे स्थिर केली. (त्याच वर्षी आपल्या पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली.) पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या अळ्या पिशवीसारख्या फुगून मरू लागल्या आणि उत्तरेतील असंख्य वसाहती नष्ट झाल्या. अधिक मध देणारी मेलीफेरा पंजाब-हरियाणात आधीच पसरू लागली होती. त्या रिकाम्या जागी ती सहज शिरली. आज उत्तरेतून येणारा पेटीतला मध बहुतेक तिचाच असतो.

या माशीच्या पेट्या ट्रकवर चढून फुलोऱ्यामागे हिंडतात. हिवाळ्यात राजस्थानच्या मोहरीवर, वसंतात सफरचंदाच्या बागांत, पुढे लिचीवर अशी ती भ्रमंती. मोहरीच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक असल्याने तो काही आठवड्यांतच गोठून पांढरट होतो. साखर घातली आहे अशा समजुतीने रुग्ण तो परत करतात, व्यापारी म्हणून तो तापवून पातळ ठेवतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी औषधाचा घात! उष्ण मधाचा निषेध आपल्या सर्व संहितांत आहे. वमन व निरूहात त्यास अपवाद, कारण तेथे मध पचण्यापूर्वीच बाहेर पडतो. मध्वामाइतका कष्टप्रद आम नाही, असे चरकाचार्यांचे मत. भेसळीची गोष्ट तर वेगळीच. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ नाममुद्रांचा मध तपासला असता केवळ ३ सर्व कसोट्यांस उतरल्या. उत्पादकांनी ते निष्कर्ष नाकारले. पण आपण रुग्णास ‘बाजारातून आणा’ म्हणताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आमच्या मते, ज्या वैद्यांस शक्य असेल त्यांनी मधपाळाशीच थेट संबंध जोडावा आणि माशी कोणती, फुलोरा कोणता, मध कोणत्या महिन्यात काढला, तापविला की नाही, हे चार प्रश्न विचारावेत. यांत काढणीच्या महिन्याचे महत्त्व विशेष. नवा मध बृंहण, जुना मध मेदोहर व लेखन, हा भेद सुश्रुतसंहितेत आहे आणि एक संवत्सर उलटल्यावर मध ‘पुराण’ होतो असे भावप्रकाशात म्हटले आहे. तेव्हा स्थौल्याच्या रुग्णास नवा मोहरीचा मध देऊन अपेक्षित गुण कसा यावा? मात्र साठवणीतील उष्णतेने मधात एचएमएफ हे द्रव्य वाढत जाते आणि भारतीय अन्नमानकात त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. म्हणून पुराण मध स्वतः सिद्ध करावयाचा असल्यास बरणी काचेची, झाकण घट्ट, जागा काळोखी आणि गार असावी. बरणीवर काढणीची तारीख लिहावी, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच ठेवू नये.